नळाला नवा फाटा : घरातील जोडणी आणि आळीचे आरोग्य

(सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, जलसुरक्षक आणि शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

गावात नळ आला म्हणजे पाण्याचा प्रश्न सुटला, असा समज सर्वत्र रूढ आहे. तो अगदीच चुकीचा आहे असे नाही. परंतु नळ अंगणापर्यंत येतो तेथे योजनेचे काम थांबते आणि घरमालकाचे काम सुरू होते, ही गोष्ट कोणत्याही योजनेच्या अंदाजपत्रकात लिहिलेली नसते. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशनची घोषणा झाली, त्या वेळी देशातील सुमारे ३ कोटी २३ लाख ग्रामीण कुटुंबांच्या घरी नळ होता. म्हणजे ढोबळमानाने सहा घरांमागे एका घरी. त्यानंतर हे चित्र झपाट्याने पालटले. माणशी दररोज ५५ लिटर पाणी घरच्या घरी मिळावे, हे या कार्यक्रमाचे सूत्र असून त्याची मुदत २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०२८ पर्यंत वाढविण्यात आली.

या जोडणीत घराला सामान्यतः एकच तोटी मिळते. ती अंगणात, ओट्याजवळ किंवा न्हाणीच्या भिंतीलगत बसविलेली असते. सहा महिने, वर्षभर त्या तोटीवर घागरी भरून झाल्या की गृहिणीला वाटू लागते, हेच पाणी स्वयंपाकघरात आले तर रोजच्या किती खेपा वाचतील! न्हाणीघरात तोटी हवी असते, नव्या शौचालयात हवी असते, गोठ्यातील डोणीला तर ती रोजच लागते. ही अपेक्षा सर्वस्वी न्याय्य आहे. दारातील नळ घरात गेल्याशिवाय बायकांच्या डोक्यावरचा हंडा पुरता उतरत नाही. मग तालुक्याच्या गावाहून नळ कारागीर येतो, असलेला नळ मध्ये कापतो, तेथे एक टी बसवितो आणि अर्ध्या दिवसात नवा फाटा तयार होतो. त्यासाठी अर्ज नसतो, आराखडा नसतो आणि झालेले काम कोणी तपासूनही पाहत नाही.

काम इतके किरकोळ, की त्याची दखल घ्यावी असे कोणाला वाटत नाही. तथापि चुकीच्या जागी सोडलेल्या एका फाट्यामुळे त्या घराचेच नव्हे, तर सबंध आळीचे पाणी बिघडू शकते. फाटा कोठून काढला यापेक्षाही त्याचे टोक कोठे उघडते, हा या कामातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि नेमका तोच सर्वांत कमी विचारला जातो.

फाट्याचे टोक

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, वुस्टर शहरी, होली क्रॉस नावाचे महाविद्यालय आहे. १९६९ च्या हंगामात तेथील फुटबॉल पथकात काविळीची साथ आली. पथकातील खेळाडू व प्रशिक्षक मिळून ९७ जणांपैकी ९० जणांना लागण झाली आणि दोन सामन्यांनंतर उरलेला हंगाम रद्द करावा लागला. शहरात साथ नव्हती, महाविद्यालयात इतरत्रही नव्हती. मग विष आले कोठून? शोध घेता घेता तपासणारे क्रीडांगणावरील पाण्याच्या फाट्यापाशी पोहोचले. मैदानावर पाणी मारण्यासाठी जमिनीखालच्या खड्ड्यांत तोट्या बसविलेल्या होत्या. जवळपास राहणारी काही मुले काविळीने आजारी होती आणि ती त्या खड्ड्यांशी खेळत असत. अशातच शहरात एके ठिकाणी आग लागली. ती विझविण्यासाठी बंबांनी मोठ्या प्रमाणावर पाणी ओढले, जलवाहिनीतील दाब एकदम उतरला आणि खड्ड्यात साचलेले दूषित पाणी तोटीतून उलटे नळात शोषले गेले. तेच पाणी पुढे खेळाडूंच्या पिण्यात आले.

ही घटना अनेक वर्षांपूर्वीची आणि दूरदेशची असली, तरी तिच्यातील खड्डा महाराष्ट्रातील कोणत्याही सरपंचाला अनोळखी वाटणार नाही. नळाला दाब नाही म्हणून अंगणात हात-दीड हात खोल खड्डा खणायचा, फाटा त्यात उतरवायचा आणि खड्ड्यात बसून तांब्याने घागर भरायची, हे दृश्य उंचावरच्या वाड्यावस्त्यांत आजही दिसते. त्यामागचा हिशोब चुकीचा नाही. पाणी जितके खाली उतरवावे तितका दाब मिळतो. तोटी एक मीटर खाली नेली की एक मीटर उंचीच्या पाण्याचा दाब अधिक मिळाला. परंतु खड्डा म्हटला की त्यात सांडपाणी उतरते, पावसाचे पाणी साचते, कोंबड्या-शेळ्या त्याच्या काठाशी वावरतात, आणि तोटी बहुधा उघडीच राहते; कारण पाणी केव्हा येईल याचा नेम नसतो.

आता येथे एक फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. वुस्टरच्या नळांना चोवीस तास पाणी होते. तेथे दाब उतरण्यासाठी आग लागावी लागली. आपल्याकडील बहुतेक गावांत पाणी दिवसातून तास-दोन तास, काही ठिकाणी तर दिवसाआड येते. म्हणजे दाब उतरण्याचा प्रसंग येथे दररोज, ठरल्या वेळी घडतो. वॉलमन व्हॉल्व्ह बंद करतो. मुख्य वाहिनीत राहिलेले पाणी उताराकडील घरांत वाहून जाते. आणि त्याची रिकामी झालेली जागा भरून काढण्यासाठी वरच्या बाजूच्या उघड्या तोट्यांतून हवा आत ओढली जाते. तोटीचे तोंड मोकळे असेल तर हवाच जाते. तोंड खड्ड्यातील पाण्यात, बादलीत किंवा डोणीत बुडालेले असेल तर हवेच्या जागी ते पाणी आत जाते. पिंपातून रॉकेल काढताना नळी तोंडाने एकदा ओढली की पुढे रॉकेल आपोआप येत राही, हे अनेकांनी पाहिलेले आहे. येथे घडते ते तेच. फरक एवढाच, की ओढणारे तोंड जमिनीखाली असल्यामुळे दिसत नाही. दुसऱ्या दिवशी पाणी सुटले की आत गेलेला तो घोट सर्वांत आधी कोणाच्या घागरीत उतरेल, हे सांगता येत नाही. बहुधा तो उतारावरच्या घरात जातो, म्हणजे खड्डा ज्याचा त्याच्याकडे नव्हे.

दूषित पाण्यातून येणारी कावीळ किती मोठ्या वस्तीला घेरू शकते, हे २०१२ साली इचलकरंजीतील साथीने महाराष्ट्राला दाखवून दिले. प्रत्येक साथीच्या मुळाशी घरगुती फाटा असतो असे मुळीच नाही. मुख्य वाहिनीची गळती आणि तिच्याशेजारून जाणारे गटार ही कारणेही तितकीच गंभीर आहेत. परंतु त्या कारणांची दुरुस्ती पंचायतीने किंवा नगरपालिकेने करावयाची असते. घरातील फाट्याचे टोक मात्र घरमालक त्याच दिवशी, पदरचे फारसे न खर्चता, सुधारू शकतो.

त्यासाठी नियम एकच पुरे आहे. कोणत्याही तोटीचे तोंड, ती ज्या भांड्यात, टाकीत किंवा डोणीत पाणी सोडते, त्याच्या काठापेक्षा वर असले पाहिजे. हे अंतर निदान नळाच्या व्यासाच्या दुप्पट असावे. अर्ध्या इंची तोटीसाठी याचा अर्थ एक इंच, म्हणजे दोन बोटे. एवढी मोकळी हवा मध्ये असली की पाणी उलटे जाऊच शकत नाही. गोठ्यातील डोणीवर तोटी काठाच्या वर बसवावी. शौचालयाच्या टाकीत पाणी सोडणाऱ्या नळीचे तोंड पाण्याखाली ठेवू नये. तोटीला रबरी नळी लावून ती बादलीच्या तळापर्यंत सोडण्याची सवय सर्वांत घातक. तोटी कितीही उंच असली तरी नळीचे टोक बुडालेले असल्यामुळे सारी दक्षता फुकट जाते. बाजारात उलट प्रवाह रोखणारी झडप मिळते आणि ती बसविण्यास हरकत नाही. परंतु तिच्यात वाळूचा एक कण अडकला तरी ती पुरती मिटत नाही, हे लक्षात ठेवून तिच्यावर सर्वस्वी विसंबू नये. दोन बोटांची हवा मात्र कधी झिजत नाही, गंजत नाही.

खड्ड्यातील नळांविषयी पंचायतीने कठोर होण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी. जमिनीच्या पातळीवर पाणी चढत नसेल, तर तो त्या कुटुंबाचा अपराध नसून वितरणाचा दोष आहे. एकमजली घराच्या नळापाशी ७ मीटर दाब उरावा, असा संकेत आपल्याकडील जलवाहिन्यांच्या आखणीत दीर्घकाळ पाळला गेला आहे. तो मिळत नसेल तर उंच भागाला पाणी वेगळ्या वेळी, वेगळा व्हॉल्व्ह उघडून सोडावे. आधी दाब, मग खड्डा बुजविणे, हा क्रम उलटा केला तर खड्डे रात्रीतून पुन्हा खणले जातात.

आणि नळाला थेट मोटार? तिच्याविषयी फारसे बोलण्याची गरज नाही. ती वाहिनीतील दाब मुद्दाम खाली ओढते. म्हणजे जे अपघाताने घडते ते ती रोज ठरवून घडविते, आणि त्याच वेळी शेजारच्या घराचे पाणीही तोडते. मोटार लावावयाचीच असेल तर नळाचे पाणी आधी जमिनीवरील टाकीत मोकळे पडावे आणि मोटारीने ते त्या टाकीतून उचलावे.

फाटा काढल्याने पाणी वाढते काय?

घरात दोन तोट्या झाल्या म्हणजे दुप्पट पाणी मिळेल, असे कित्येकांना वाटते. वस्तुतः मुख्य वाहिनीपासून घरापर्यंत येणारा नळ तोच असतो, त्याचे फेरूल तेच असते. दोन्ही तोट्या एकदम उघडल्या तर एकीचे पाणी दुसरीत वाटले जाते, एवढेच. आपल्याकडील अर्ध्या इंची तोटीतून साधारण दाब असता मिनिटाला १० लिटर पाणी येते असे धरले, तर पाच माणसांच्या कुटुंबाला लागणारे २७५ लिटर पाणी अर्ध्या तासाच्या आत भरून होते. अडचण तोट्यांच्या संख्येने येत नाही. ती येते न मिटणाऱ्या फाट्याने. जमिनीखालच्या हौदात सोडलेला, तरंगता कॉक नसलेला फाटा पाणी येण्याच्या पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत चालू राहतो आणि हौद भरून गटारात वाहू लागतो.

याचा हिशोब एकदा ग्रामसभेपुढे मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, गावाची उंच टाकी ४०,००० लिटरची आहे आणि १४० घरांना प्रत्येकी २७५ लिटर द्यावयाचे आहेत. बेरीज ३८,५०० होते. योजना पुरेशी आहे. आता टाकीजवळच्या ३० घरांनी तासभर फाटे उघडे ठेवून प्रत्येकी ६०० लिटर घेतले, तर १८,००० लिटर तेथेच संपले. उरलेल्या ११० घरांच्या वाट्याला सरासरी २०० लिटर येतात, आणि सरासरीचा अर्थ शेवटच्या दहा-वीस घरांत कोरडी तोटी असा होतो. त्या घरांतील स्त्रिया मग पुन्हा विहिरीवर जातात. योजना फसली असे म्हटले जाते. प्रत्यक्षात एक साधा तरंगता कॉक बसविलेला नसतो.

पाणी वाटून देण्याची कला महाराष्ट्राला नवी नाही. मलिक अंबरच्या काळात सतराव्या शतकाच्या आरंभी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर-ए-अंबरी आणली गेली. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत कात्रजच्या तलावाचे पाणी दगडी नळातून पुण्याच्या हौदांत खेळविण्यात आले. या दोन्ही कामांत वाटेवर जागोजागी हवा बाहेर पडण्यासाठी आणि गाळ बसण्यासाठी जागा ठेवलेल्या होत्या. पाण्याबरोबर हवा आणि गाळ हेही प्रवास करतात, हे त्या कारागिरांनी ओळखले होते. आजच्या अर्ध्या इंची फाट्यालाही ते लागू आहे.

जागा आणि जाडी

नवा फाटा नेहमी मीटरच्या आणि घराच्या मुख्य कॉकच्या पुढे, म्हणजे घराच्या बाजूला काढावा. मीटरच्या अलीकडून काढलेला फाटा ही पाण्याची चोरी होय, मग ती अजाणता का होईना. आडव्या नळातून फाटा घेताना टीचे तोंड वर किंवा बाजूला ठेवावे. खाली ठेवल्यास वाहिनीतील सारा गाळ त्या फाट्यात उतरतो. आणि टी बसविल्याबरोबर, तिच्या लगतच, फाट्यावर स्वतंत्र कॉक बसवावा. पुष्कळसे कारागीर हा कॉक वाचवितात. मग न्हाणीतील एक तोटी बिघडली की सगळ्या घराचे पाणी बंद करावे लागते, आणि ते बंद करावयाचे नसते म्हणून तोटी तशीच ठिबकत राहते. या ठिबकण्याचा हिशोबही पाहण्यासारखा आहे. सुमारे वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. सेकंदाला एक थेंब धरला, आणि घराला टाकीवरून चोवीस तास पाणी असले, तर दिवसाला चार लिटरहून अधिक आणि वर्षाला दीड हजार लिटरहून अधिक पाणी जाते. एका माणसाला ठरविलेले ते जवळजवळ महिन्याचे पाणी होय.

नळाची जाडी ठरविताना डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. पाऊण इंची नळ अर्ध्या इंचीपेक्षा थोडाच मोठा दिसतो, परंतु तेवढ्याच दाबाला त्यातून दुपटीहून अधिक पाणी जाते. एक इंची नळातून जवळजवळ चौपट जाते. दुसरी फसगत जुना नळ आणि नवा नळ जोडताना होते. जस्त चढविलेल्या अर्ध्या इंची लोखंडी नळाचे आतील छिद्र सुमारे १६ मिलिमीटर असते. अर्धा इंची म्हणूनच विकल्या जाणाऱ्या सीपीव्हीसी नळाचे आतील छिद्र १२ ते १३ मिलिमीटर भरते. नाव तेच, पण पाण्याची वाट तृतीयांशाहून अधिक अरुंद झाली. लोखंडी नळावरून लांबचा फाटा सीपीव्हीसीत न्यावयाचा असेल तर तो पाऊण इंची घ्यावा. पैशातील फरक थोडा असतो. खरेदी करताना नळावर भारतीय मानकाचा शिक्का पाहावा : लोखंडी नळासाठी आयएस १२३९, सीपीव्हीसीसाठी आयएस १५७७८.

जोडकाम

लोखंडी नळात मध्येच टी घालण्याचे काम वरवर सोपे दिसते. त्यातील खोच आट्यांची आहे. नळाच्या दोन्ही टोकांचे आटे एकाच दिशेने, उजवीकडे, आवळले जातात. दोन्ही टोके पक्की असलेला नळ मध्ये कापला आणि टी एका बाजूला आवळली, तर दुसऱ्या बाजूला ती फिरविता येत नाही. फिरविली तर पहिली बाजू सुटते. म्हणून टीबरोबर युनियन लागते. युनियनचे दोन अर्धे आपापल्या नळावर आवळून ठेवायचे आणि मधली नट फिरवून त्यांना एकत्र आणायचे, म्हणजे नळ न फिरविता सांधा जुळतो. युनियनऐवजी लांब आट्यांचा तुकडा आणि चेकनट वापरण्याची जुनी रीतही आहे; ती चालते, पण पुढे दुरुस्तीच्या वेळी युनियन अधिक सोयीची ठरते. ज्या कारागिराच्या पिशवीत टी आहे आणि युनियन नाही, तो फाटा कसा जोडणार आहे हे त्याला आधीच विचारावे.

काम आरंभण्यापूर्वी मुख्य कॉक बंद करून घरातील सर्वांत खालची तोटी उघडावी आणि नळ रिता होऊ द्यावा. टी, निपल आणि युनियन यांची लांबी जमिनीवर मांडून मोजावी आणि मगच करवत लावावी. कापलेल्या नळाच्या तोंडाशी आतल्या बाजूला धातूची कड उभी राहते. ती कानशीने किंवा रीमरने काढली नाही तर नळ त्या जागी कायमचा चोंदलेला राहतो. नळ वीस-पंचवीस वर्षांचा असेल तर त्यावर डाय फिरविताना आटे धरण्याऐवजी गंजाचे पापुद्रे निघतात. अशा वेळी हट्ट करू नये. तो सगळा तुकडाच बदलावा, कारण त्यावर बसविलेला सांधा पहिल्याच उन्हाळ्यात रडू लागतो.

पूर्वी आट्यांवर सूत गुंडाळून सफेदा लावीत. पारंपरिक सफेद्यात शिसे असे, आणि शिसे पिण्याच्या पाण्यात जाता कामा नये, विशेषतः लहान मुलांच्या. आता टेफ्लॉनची फीत सर्वत्र मिळते. ती आटे आवळण्याच्याच दिशेने गुंडाळावी. उलट गुंडाळली तर सांधा आवळताना ती उलगडून बाहेर येते.

प्लास्टिकच्या नळांची तऱ्हा वेगळी. सीपीव्हीसी नळ काटकोनात कापावा, कडा साफ करावी, नळ आणि सांधा या दोहोंवर द्रावण लावावे, नळ पुरता आत बसेपर्यंत दाबत पाव वळसा द्यावा आणि काही सेकंद तसाच धरून ठेवावा. नाहीतर तो हळूच मागे सरकतो. द्रावणाच्या डब्यावर सांगितलेला वेळ गेल्याशिवाय पाणी सोडू नये. घाई बहुधा येथेच होते, कारण संध्याकाळचे पाणी सुटण्याची वेळ झालेली असते. लोखंडी नळाला प्लास्टिक जोडताना पितळी आटे बसविलेला जोड घ्यावा. नुसत्या प्लास्टिकच्या आट्यांत लोखंड आवळले की सांधा उभा चिरतो, कधी लगेच, कधी महिन्याभराने.

योजनेतील काळ्या पॉलिथिलीन नळाला फाटा देण्याची एक गावठी रीत आहे : नळ विस्तवावर मऊ करायचा, निपलवर चढवायचा आणि वरून सायकलची ट्यूब किंवा तार आवळायची. या रीतीने काम लवकर होते यात शंका नाही. पण तापवलेला नळ त्या जागी पातळ आणि अशक्त होतो, आणि तो सांधा बहुतेक वेळा गटारालगतच्या मातीत पुरला जातो. पाणी चालू असताना त्यातून पाणी बाहेर येते. पाणी बंद झाल्यावर गटार आत येते. या नळासाठी आवळून बसणारे जोड बाजारात मिळतात, त्यांना विस्तव लागत नाही. जलसुरक्षकाने आळीतून फिरताना अशा ट्यूब बांधलेल्या जागा मोजल्या, तर गावाच्या पाण्याची पुष्कळशी परीक्षा त्यातच होईल.

शाळेतील रांग

२ ऑक्टोबर २०२० रोजी देशातील शाळा आणि अंगणवाड्यांना नळाचे पाणी देण्याची शंभर दिवसांची मोहीम सुरू झाली. त्यानंतर अनेक शाळांत हात धुण्यासाठी तोट्यांची रांग उभी राहिली. बांधकाम चांगले, फरशी चांगली. पण मधल्या सुट्टीत पहिल्या तीन तोट्यांना धार आणि शेवटच्या चारांना थेंब, अशी तक्रार शिक्षक करतात. कारण बहुधा एकच असते : असलेल्या टाकीवरून अर्ध्या इंची फाटा काढून त्याच जाडीचा नळ दहा तोट्यांपर्यंत नेलेला असतो. दहा तोट्यांनी मिनिटाला सहा-सहा लिटर मागितले तर त्या नळातून पाण्याला सेकंदाला सुमारे पाच मीटर वेगाने धावावे लागेल. तीन-चार मीटर उंचीच्या टाकीला नळातील घर्षण सोसून ते साधणारे नाही. हाच फाटा टाकीपासून एक इंची काढून रांगेच्या शेवटापर्यंत तसाच नेला आणि प्रत्येक तोटीसाठी त्यातून अर्ध्या इंची टी दिली, तर सर्व मुलांना जवळपास सारखे पाणी मिळते. टाकी लांब असल्यास सव्वा इंची नळ घ्यावा.

शाळेत आणखी एक पथ्य. पिण्याच्या पाण्याच्या तोट्या आणि मुतारीकडे जाणारा फाटा टाकीपासूनच वेगळे करावे आणि दोहोंवर वेगळे कॉक ठेवावे. रांगेच्या टोकाला पुढे कधीतरी उपयोगी पडेल म्हणून सोडलेला, डाट मारलेला नळाचा तुकडा काढून टाकावा. त्यात पाणी हलत नाही, क्लोरीन उडून जाते आणि सुट्टीनंतर शाळा उघडते तेव्हा तेच पाणी मुलांच्या ओंजळीत येते. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी सर्व तोट्या काही मिनिटे वाहू द्याव्यात, त्या पाण्याने बाग शिंपावी, आणि मग शेवटच्या तोटीवर ओटी चाचणी घ्यावी. लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन मिळावे असे भारतीय मानक आहे. चाचणी पहिल्या तोटीवर घेऊन भागत नाही. विज्ञानाच्या तासाला ती मुलांकडून करवून घेणारे शिक्षक आहेत. त्या मुलांच्या घरी तोटीला रबरी नळी फार दिवस लोंबत राहत नाही.

पंचायतीचे काम

घराच्या आतील फाटा हा घरमालकाचा विषय, तर मुख्य वाहिनीवरील छिद्र हा पंचायतीचा; ही सीमारेषा गावकऱ्यांना स्पष्ट करून सांगावी. मुख्य वाहिनीला, मग ती दारासमोरून जात असली तरी, पंचायतीच्या मंजुरीशिवाय कोणी हात लावू नये. भिंतीपलीकडे भावाचे घर असो, भाडेकरूचे दुकान असो किंवा शेजाऱ्याचा गोठा असो, तिकडे नेलेला फाटा हा घरातला फाटा राहत नाही. ती नवी जोडणी होय आणि तिची पाणीपट्टी वेगळी आकारली पाहिजे. भाऊबंदकीत असे फाटे पुष्कळ निघतात. वाटण्या झाल्यावर त्यावरून भांडणेही तितकीच होतात.

घरातील फाट्यासाठी मात्र मंजुरीचा जाच वाढवू नये. जाच वाढला की काम रात्री होते आणि सांधा कोणाला न दाखवता बुजविला जातो. त्यापेक्षा पंचायतीने एवढेच ठरवावे, की फाटा काढणाऱ्याने आदल्या दिवशी कळवावे आणि सांधे मातीने किंवा सिमेंटने झाकण्यापूर्वी जलसुरक्षकाला दाखवावे. त्याने पाणी सुटलेले असताना घरातील सर्व तोट्या बंद करून मीटरकडे पाहावे. मीटरचा काटा हलत असेल तर कोठेतरी सांधा गळतो आहे. मीटर नसेल तर प्रत्येक सांध्याभोवती कोरडा कागद गुंडाळून दहा मिनिटांनी तो पाहावा. नव्या नळातून पहिले पाणी, त्यात फितीचे तुकडे, लोखंडाचा कीस आणि द्रावणाचा वास जाईपर्यंत, वाहू द्यावे. ते पिऊ नये.

शेवटी नळ कोठून कोठे जातो, टी कोठे आहे, युनियन कोठे आहे आणि कॉक कोठे आहे, याची साधी रेघांची आकृती वहीच्या पानावर काढून तिची एक प्रत घरात मीटरपाशी आणि दुसरी पंचायतीच्या दप्तरात ठेवावी. भिंतीला गिलावा झाल्यावर नळ कोठून गेला हे कारागिरालाही आठवत नाही, आणि खिळा ठोकताना तो नेमका नळातच जातो.